सरकतं दार, एक खुर्ची आणि ‘स्टार ट्रेक’चं साठावं वर्ष : प्रकल्प नोंदी

रविवार, १ जून २०२५

आजपासून ही वही फक्त या कामाची. धंद्याच्या वहीत नाटकाचं नाव, प्रयोगाची तारीख आणि टेम्पोत चढवायच्या सामानाची यादी असते. हे काम त्यात मिसळायचं नाही.

ठरलं ते असं. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका सुरू झाली. येत्या ८ सप्टेंबरला एकोणसाठ पूर्ण होऊन साठावं लागतं. त्या दिवशी सोमवार येतो, म्हणून आदल्या रविवारी सकाळी परळच्या आमच्या चाळीच्या चौकात जुने सवंगडी जमणार. मी नेपथ्यवाला, त्यामुळे मालिकेतल्या ‘एंटरप्राइज’ यानाचा ब्रिज, म्हणजे यान चालवायची खोली, उभा करायचं माझ्याकडे आलं. कप्तानाची खुर्ची, समोर दोघांचा कन्सोल, मागे सरकतं दार, आणि वर टांगायला यानाची प्रतिकृती. जागा चौदा बाय दहा फूट. खर्च वर्गणीतून.

सकाळच हवी, कारण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका रविवारी सकाळी लागायची. टीव्ही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. लाकडी कपाटातला, दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या शटरचा. काकू पूजा आटोपून, पदराला हात पुसत शटर सरकवायच्या आणि आम्ही अकरा-बारा जण फरशीवर दाटीवाटीने बसलेलो असायचो. पडदा कृष्णधवल, संवाद इंग्रजी, आम्ही मराठी शाळेतली पोरं. गोष्ट काय चाललीय ते बरेच आठवडे कळलं नाही, पण माणसं पहिल्या रविवारपासून कळली. कप्तान कर्क निर्णय घेण्याआधी खुर्चीत पुढे झुकतो. स्पॉक एकच भुवई उचलतो. डॉक्टर मॅकॉय स्पॉकशी कडाकडा भांडतो आणि त्याच्यावर वेळ आली की सगळ्यांच्या आधी धावतो.

जिन्याखाली आमचं यान असायचं, तिथल्या नेमणुका आजही चालू आहेत. आमचा स्कॉटी, म्हणजे यानाचा इंजिनीअर, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला, आमचा मॅकॉय औषधाचं दुकान चालवतो, आमची उहुरा, यानाचे संदेश सांभाळणारी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. चाळीत आम्ही एकमेकांना अजून याच नावांनी हाक मारतो, आणि या वहीतही तीच लिहिणार आहे.

रविवार, ८ जून

प्रतिकृतीची मापं काढली. चित्रीकरणाला वापरलेलं मोठं मॉडेल सुमारे अकरा फूट लांब होतं. लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा. आराखडा मॅट जेफरीज यांचा. आता ते वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. आपण एक-तृतीयांश करायचं, म्हणजे ४४ इंच. त्या हिशेबाने पुढच्या तबकडीचा व्यास साडेएकोणीस इंच.

माहिती काढताना एक गोष्ट सापडली आणि मी काम थांबवून चहा सांगितला. त्या मॉडेलची उजवी बाजूच पुरी केलेली होती. डाव्या बाजूने दिव्यांच्या वायरी आत जायच्या, म्हणून कॅमेरा तिकडे वळवायचाच नाही. नेपथ्यातला पहिला धडा हाच असतो : प्रेक्षकाला दिसतं तेवढं रंगवा, मागे बॅटन आणि खिळे राहू देत. माझ्या उस्तादांनी मला हे शिवाजी मंदिरच्या विंगेत शिकवलं. तिकडच्या सुतारांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. इतकी वर्षं मी त्या यानाकडे शास्त्रज्ञांची वस्तू म्हणून बघत होतो. ते आमच्या जातकुळीचं निघालं.

शनिवार, १४ जून

तांबाकाट्याला जाऊन ॲल्युमिनियमच्या दोन पराती आणल्या, काठाला काठ लावून तबकडी. भांडीवाल्याने पट्टी घेऊन मोजायला दिलं, कंटाळला नाही. दोन्ही बाजूंच्या इंजिनांसाठी ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, प्रत्येकी साडेतेवीस इंच. मधल्या धडाला कागदाचा लगदा.

इंजिनांच्या तोंडाशी मूळ मॉडेलमध्ये मोटरवर फिरणारी पाती आणि मागे लुकलुकणारे छोटे दिवे होते. लोहार चाळीतून माळ आणली. मोटर मात्र घरातच होती : गणपतीच्या मागे चक्र फिरवायला लावतो ती. वर अर्धा कापलेला प्लास्टिकचा चेंडू. लावून बघितलं. अंधारात पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

रंग पांढरा नाही, हे लिहून ठेवतो. फिकट राखाडी, त्यात हिरव्याची किंचित झाक. संग्रहालयाने २०१६ साली मॉडेल पूर्ववत केलं तेव्हा तबकडीच्या वरच्या भागावरचा साठच्या दशकातला रंग शाबूत होता, त्यावरून बाकीचा जुळवला.

गुरुवार, २६ जून

काल दुपारी शुभांशु शुक्ला गेले, आज यान अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. गाळ्यात मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. १९८४ साली राकेश शर्मा गेले तेव्हा आम्ही काकूंकडेच होतो. नंतर चाळीतला प्रत्येक मुलगा दोन महिने अंतराळवीर होता.

जोडणी व्हायला किती वेळ लागतो, किती सावकाश सगळं चालतं! मालिकेत मात्र माणूस चकतीवर उभा राहतो आणि चमचमत नाहीसा होतो. त्यामागचं कारण पैशाचं होतं. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरींनी माणसंच ‘बीम’ करायचं ठरवलं. चमचम म्हणजे काळ्या पार्श्वभूमीपुढे प्रखर झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची पूड. आमच्या लाइटवाल्याला हे सांगितलं तर तो पोरगा म्हणाला, “काका, मग आपण करू शकतो की!” करू शकतो. पण चौकात पूड उडवायची नाही, वर काकूंना दमा आहे.

रविवार, ६ जुलै

आषाढी. काम बंद. संध्याकाळी फक्त खुर्चीचा सांगाडा बघितला. मूळ खुर्चीही बाजारात मिळणारी साधी खुर्ची होती, तिच्या दोन्ही हातांना लाकडी खोकी चढवून वर बटणं बसवलेली. मला भंगारातून एक मिळालीय, पाठ योग्य उंचीची आहे.

रविवार, २० जुलै

आज स्कॉटीचं काम करणाऱ्या जेम्स डूहान यांना जाऊन बरोबर वीस वर्षं झाली. चंद्रावर माणूस उतरला तीही हीच तारीख, १९६९ सालची. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालिका संपली होती, तीन वर्षं आणि ७९ भाग होऊन. म्हणजे खरा माणूस चंद्रावर पोचला तेव्हा ही मंडळी दीड महिन्यापूर्वीच पडद्यावरून गेलेली होती. या योगायोगाने मला दर वेळी वाईट वाटतं.

आमचा स्कॉटी सकाळीच आला. दाराची कप्पी त्यानेच बसवली, सरकत्या खिडकीचा ट्रॅक कापून. काम करताना त्याने आपला उजवा हात पुढे केला. करंगळीचं पेर वर्कशॉपात प्रेसखाली गेलं, त्याला तीसेक वर्षं झाली. म्हणाला, “डूहानचंही उजवंच ना?” उजवंच, पण मधलं बोट. डूहान मूळचे कॅनडाचे. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर कॅनडाच्या फौजेबरोबर उतरले आणि त्याच रात्री गोळ्यांनी जखमी झाले. छातीवरची गोळी खिशातल्या सिगारेटच्या डबीने अडवली. बोट गेलं. पुढे पडद्यावर ते हा हात सहसा लपवायचे. काही प्रसंगांत लक्ष देऊन बघितलं तर दिसतो.

स्कॉटी सांगत होता, पेर गेल्यावर घरी पहिले चार महिने तो हात धोतराच्या सोग्यासारखा सांभाळायचा, कुणासमोर जेवायचा नाही. मग केव्हातरी डूहानबद्दल कळलं आणि त्याने लपवणं सोडलं. हे त्याने मला आज पहिल्यांदा सांगितलं. चाळीस वर्षांची मैत्री आहे.

कप्पी छान फिरते. नऊ मिलिमीटरचा दोर.

रविवार, २७ जुलै

कपडे. उहुरा आणि मी हिंदमाताला गेलो. आम्ही कृष्णधवल बघितल्यामुळे कुणाचा सदरा कोणत्या रंगाचा हे आम्हाला मोठेपणी कळलं. स्पॉक आणि मॅकॉय निळ्यात, स्कॉटी आणि उहुरा लाल, कर्क सोनेरी. आणि त्यातही गंमत अशी की कर्कचं ते वेलूर कापड मुळात हिरवट होतं, दिव्यांखाली फिल्मवर सोनेरी उतरायचं. एनबीसीची मालक कंपनी रंगीत टीव्ही विकत होती, त्यांना पडद्यावर रंग हवेच होते. इकडे परळला ते सगळे राखाडीच्या तीन छटा होऊन पोचत होते, आणि आम्हाला काही कमी पडल्याचं आठवत नाही.

साडेसहा मीटर कापड घेतलं.

लाइटवाल्यासाठी नोंद : मूळ सेटच्या भिंती करड्या रंगवून ठेवायचे आणि छायाचित्रकार जेरी फिनरमन दिव्यांवर रंगीत जिलेटिन लावून त्या कधी जांभळ्या, कधी हिरव्या करायचे. तीच भिंत, नवा ग्रह. आपणही फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, करडेच ठेवायचे.

बुधवार, ३० जुलै

उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांचा स्मृतिदिन. २०२२ साली गेल्या.

उहुराशी फोनवर तासभर बोलणं झालं. ती लहानपणी सोडा-बाटलीचं बूच कानाला चिकटपट्टीने लावून जिन्याखाली बसायची आणि “संदेश येतोय, कप्तान” म्हणायची. मुलांच्या यानात मुलगी कशाला, असं आमच्यातला एक जण म्हणाला होता. तिने टीव्हीकडे बोट दाखवलं, विषय संपला.

निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडून रंगभूमीकडे परतणार होत्या. एका समारंभात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग भेटले, स्वतःला चाहते म्हणवून घेतलं आणि सोडू नका म्हणून आग्रह केला, कारण त्या काळात कृष्णवर्णीय बाईला इतक्या मानाच्या जागी दाखवणारं दुसरं काही नव्हतं. त्या थांबल्या. पुढे १९७७ मध्ये नासासाठी त्यांनी देशभर फिरून स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय तरुणांना अंतराळवीर व्हायला अर्ज करा म्हणून सांगितलं. १९७८ च्या निवडीत सॅली राइड होत्या, गायन ब्लूफर्ड होते. १९९२ साली अंतराळात गेलेल्या मे जेमिसन लहानपणी उहुराला बघतच मोठ्या झालेल्या.

उहुरा हे नाव स्वाहिलीतल्या ‘उहुरु’वरून, म्हणजे स्वातंत्र्य. आमच्या उहुराला हे ठाऊक होतं. तिने एक्स्चेंजमधल्या पहिल्या पगारातून जे रेडिओ-घड्याळ घेतलं होतं, त्यावर हे नाव चिकटवलं होतं म्हणे.

८ जानेवारी २०२४ ला एका रॉकेटमधून निकोल्स, डूहान आणि रॉडनबेरी यांच्या राखेचा अंश अंतराळात पाठवला. रॉकेटचं नाव ‘व्हल्कन’, स्पॉकच्या ग्रहाचं. आमच्याकडे अस्थी गंगेला किंवा नाशिकला नेतात. हे वाचून मी हात जोडले होते.

रविवार, १० ऑगस्ट

गाळ्यात सगळं एकत्र लावून बघितलं. फ्लॅट, कन्सोल, खुर्ची, दार, वर यान. दिवे टाकले.

मेलेलं दिसतंय.

काम वाईट नाही. सांधे दिसत नाहीत, रंग बरोबर आहे, बटणांमागे दिवे लागतात. पण प्रदर्शनात मांडलेला दिवाणखाना असावा तसं. दोन तास मी एकेक दिवा हलवत बसलो. मग चहाचा पोऱ्या आला, त्याला नको म्हणायच्या आत खुर्चीत बसला आणि समोर काय आहे ते नीट बघायला कोपर गुडघ्यावर ठेवून पुढे झुकला.

ब्रिज झाला!

त्याने मालिका पाहिलेली नाही. नुसता माणूस झुकला. मला आत्ता कळतंय की आपण काकूंच्या फरशीवर बसून प्लायवुडवर विश्वास ठेवत नव्हतो, कर्क झालेल्या विल्यम शॅटनरच्या झुकण्यावर ठेवत होतो. यानाला हादरा बसायचा तेव्हा सेट हलत नसे. कॅमेरा हलवायचे आणि सगळे नट एकाच वेळी एका बाजूला अंग झोकून द्यायचे. स्पॉकने मानेजवळ चिमटीत धरलं की कुणी बेशुद्ध पडायचं, तर पडणाऱ्यानेच ते खरं करायचं. डॉक्टर मॅकॉयच्या हातातली शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणजे मीठदाण्या होत्या! पहिल्या भागात मिठाला हपापलेला प्राणी आहे, त्यासाठी वेगळ्या घाटाच्या मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या वेगळ्या होत्या की मीठदाण्या म्हणून कुणी ओळखल्या नसत्या, मग त्या मॅकॉयला दिल्या. मॅकॉयचं काम करणाऱ्या डिफॉरेस्ट केली यांना लहानपणी खरंच डॉक्टर व्हायचं होतं, पण घरची ऐपत नव्हती. मीठदाणी हातात धरताना त्यांचा चेहरा बघा. पुढे कित्येक डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तुम्हाला बघून मी या वाटेला आलो.

मघाशीच सगळ्यांना फोन केले. बेत बदलला. लोकांनी लांबून बघायचं प्रदर्शन नको. प्रत्येकाने आपल्या जागेवर बसायचं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल आणि आज मुंबई बंद. गल्लीत गुडघाभर पाणी, गाळ्यात वीतभर. कन्सोलचा खालचा भाग भिजून फुगला. प्लाय ज्याच्याकडून घेतला त्याने वॉटरप्रूफ म्हणून दुप्पट भाव लावला होता. पदर सुटले, आतला भुसा हाताला येतोय. लगद्याचं धड आढ्याला टांगलेलं होतं म्हणून वाचलं.

काल, १८ ऑगस्टला, पर्सिस खंबाटांना जाऊन २७ वर्षं झाली. पाणी उपसताना आठवलं. आपल्या मुंबईची मुलगी, १९६५ ची मिस इंडिया. मालिकेवरचा पहिला चित्रपट १९७९ ला आला, त्यात इलियाच्या भूमिकेसाठी त्यांनी डोक्यावरचे सगळे केस काढले. सौंदर्यस्पर्धेतून आलेल्या मुलीने. १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात त्या मंचावर होत्या. गेल्या त्याही इथेच, मुंबईत, पन्नाशी गाठायच्या आत. चौकात त्यांच्यासाठी एक वेगळी खुर्ची ठेवणार. मोगऱ्याचा गजरा नको, केस काढलेला तो फोटो लावायचा.

रविवार, २४ ऑगस्ट

कन्सोलला नवी चौकट. जुने दिवे चालले. तीन दिवसांवर गणपती, त्यामुळे गाळ्यात मखरांचंही काम आहे, आणि आता दोन्ही सामानं एकमेकांत मिसळलीत.

आमचा स्पॉक डोंबिवलीहून आला. हाताची ती खूण त्याला आजही सहज जमते : चार बोटं दोन-दोन करून फाकलेली, अंगठा सुटा. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांनी ती स्वतः आणली. लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पुरोहित आशीर्वाद देताना हात असे धरायचे. त्या वेळी बघायचं नसतं, डोळे झाकायचे असतात. निमॉयनी बोटांच्या फटीतून बघितलं. १९६७ साली स्पॉकच्या ग्रहावरचा पहिला प्रसंग आला तेव्हा त्यांनी तीच खूण सुचवली. सोबतचे शब्द तर सगळ्यांना पाठ आहेत, ‘दीर्घायुषी हो, भरभराट होवो’.

काकूंच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी, दाराशी गहू निवडत बसायच्या. इंग्रजीचा गंध नाही. स्पॉकने हात वर केला की निवडणं थांबवून म्हणायच्या, “औक्षवंत हो रे बाबा.” आम्ही हसायचो. बरोबर त्याच होत्या.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. मधे दोनच रात्री काम : दाराचे पल्ले आणि चाकांना ग्रीस.

दाराबद्दल लिहून ठेवतो, कारण ते माझं आहे. यानाची ती दारं आपोआप उघडत नव्हती. मागे रंगमंच-कामगार उभे राहून दोराने ओढायचे. इशारा चुकला की नट दारावर आपटायचे, अशा फजितीची चित्रणं शिल्लक आहेत. त्या दोर ओढणाऱ्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन, लालबागचा राजा सकाळपर्यंत चौपाटीवरच. निम्मी चाळ झोपेत. तरी अकरापर्यंत चौक भरला. खुर्च्या कमी पडल्या, मंडळाच्या सतरंज्या टाकल्या.

आमच्या सुलूने मालिकेतल्या सुलूबद्दल, जॉर्ज टाकेईंबद्दल सांगितलं : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पाच वर्षांचे असताना जपानी वंशाचे म्हणून कुटुंबासह छावणीत डांबलेला मुलगा, आणि वीसेक वर्षांनी त्याच देशाच्या पडद्यावर यानाचं सुकाणू त्याच्या हातात. मॅकॉयने घरून स्टीलच्या मीठदाण्या आणल्या होत्या, त्या फिरवून प्रत्येक लहान मुलाला तपासलं. शॅटनर नव्वदाव्या वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, खरोखर अंतराळात जाऊन आले आणि उतरल्यावर रडले, हे आमच्या कर्कने सांगितलं आणि त्याचाही आवाज बसला.

मग उहुराने बूच कानाला लावलं. लाइटवाल्याने लाल टाकला. कर्क ओरडला, “डावीकडे!” आणि पन्नाशी ओलांडलेली सात माणसं एकदम डावीकडे झोकली गेली, मग उजवीकडे. सतरंजीवरची पोरं त्यांच्यासोबत कलली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे मला नंतर कळलं. मी फ्लॅटमागे होतो, दोर हातात, कानाने अंदाज घेत. शेवटी काकूंना आत आणायचं ठरलं होतं. वय एक्याऐंशी, चालणं सावकाश. काठीचा आवाज मोजत होतो : सहा, सात, आठ. पदर हाताला लागल्यासारखी सळसळ झाली आणि मी ओढलं. दोन्ही पल्ले बरोबरीने सरकले. कप्पी वाजली नाही. बाहेर एकदम टाळ्या उठल्या, आणि त्यातून काकूंचा आवाज आला, “बसा रे सगळे, पुढच्यांनी खाली बसा, मागच्यांना दिसत नाही.”

रात्री खग्रास चंद्रग्रहण. सामान उचलायचं राहू दिलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

टेम्पो बाराला. खुर्ची स्कॉटी घरी नेणार, यान काकूंच्या खोलीत टांगायचं आहे, आढ्याला हुक आहे का ते बघणे. दोर एका जागी विरलाय, बदलणे.